पटलं म्हणजे सिद्ध झालं?

शुक्रवारी संध्याकाळी कँटीनमध्ये टीममधल्या एका मित्राने विचारलं, "अरे, तुझ्या मामांना ते ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवलं होतं ना? कुठे? रेट काय लावतात?"

त्याच्या वडिलांना गालाचा कॅन्सर झाला होता. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं, माणूस वाचला. आता त्याच बाजूची खालची दाढ किडली आहे आणि काढायची आहे. कुणीतरी सांगितलंय की दाढ काढण्याआधी २० आणि नंतर १० सिटिंग ऑक्सिजन घ्या, नाहीतर जबड्याचं हाड सडेल. सोमवारी ॲडव्हान्स भरायचा आहे.

"घरी जाऊन फोन करतो," म्हणालो आणि केला नाही. एकतर हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही. आणि दुसरं म्हणजे या प्रकरणात माझी स्वतःची चांगलीच लाज गुंतलेली आहे. तेव्हा आजची शनिवारची सकाळ यातच घालवतोय. मित्रा, हे तुझ्यासाठी आहे. बाकीच्यांनीही वाचा, कारण तंबाखूच्या कृपेने आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात किंवा भावकीत असा एक तरी माणूस निघतो. तोंडाच्या कॅन्सरचे जगातले जवळपास एक तृतीयांश नवे रुग्ण भारतातले असतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि ती कितपत आहे ते कुठल्याही टपरीसमोरची जमीन पाहून कळतं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. जावा लिहिणारा माणूस आहे. पण या विषयावरचे मूळ पेपर बसून वाचले आहेत. वाईट इतकंच, की ते वाचायला हवे होते तेव्हा वाचले नाहीत.

मामांची गोष्ट

मामा साखर कारखान्यात नोकरीला होते. चुना-तंबाखूची डबी चाळीस वर्षं खिशात. २०१७ मध्ये कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि मग ३० दिवस रेडिएशन. (आमच्याकडे अजून त्याला 'शेक' म्हणतात. हा शब्द फार फसवा आहे. शेक म्हटलं की गरम पाण्याची पिशवी आठवते, आणि मामांच्या जबड्यात ६० ग्रे किरण गेले होते.)

कॅन्सर गेला. पण किरणांनी लाळेच्या ग्रंथी मारल्या, तोंड कोरडं पडलं. लाळ नाही म्हटल्यावर दात किडायला किती वेळ लागतो? २०२१ मध्ये दाढ ठणकायला लागली, तशी मामांनी तालुक्याच्या गावी जाऊन ती उपटून घेतली. चार वर्षांपूर्वी शेक घेतला होता हे दातांच्या डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मामांनी सांगितलं नाही. "दाताचा आणि त्याचा काय संबंध?" हा त्यांचा नंतरचा प्रश्न. आणि खरं सांगायचं तर त्यांना तो संबंध कुणी कधी समजावलाच नव्हता.

जखम भरली नाही. तीन महिन्यांनी हिरडीतून पिवळट हाड दिसायला लागलं. ऑस्टिओरेडिओनेक्रॉसिस. म्हणजे किरणांनी दुबळं झालेलं हाड मरतं, उघडं पडतं आणि भरून येत नाही. वरच्या जबड्यापेक्षा हे खालच्या जबड्यात जास्त होतं, कारण खालच्याचा रक्तपुरवठा मुळातच कमी असतो.

इथे माझा प्रवेश. भाचा पुण्यात, कंपनीत, इंग्रजी वाचणारा. एका हायपरबॅरिक सेंटरमध्ये आम्ही गेलो. तिथल्या गृहस्थांनी गुळगुळीत कागदावर एक आकृती काढून दाखवली आणि मला ती इतकी पटली की घरी येऊन मीच मामा-मामींना वहीवर काढून समजावली. "मामा, किरणांनी बारीक रक्तवाहिन्या जळाल्या. त्यामुळे हाडाला प्राणवायू मिळत नाही. म्हणून ते मरतंय. आता तुम्हाला एका पिंपात बसवायचं, आतला दाब वाढवायचा आणि शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. तो थेट रक्तातल्या पाण्यात विरघळतो, हाडापर्यंत पोचतो, नव्या वाहिन्या फुटतात. सोपं आहे."

मामा म्हणाले, "तू म्हणतोस तर बरोबरच असेल."

हे वाक्य मला आजही रात्री आठवतं.

४० सिटिंग. प्रत्येकी साडेतीन हजार. फंडाच्या पैशांतून १ लाख ४० हजार रुपये गेले. दोन महिने मामा-मामी आमच्या टूबीएचकेच्या हॉलमध्ये राहिले. रोज रिक्षा, रोज दीड तास पिंपात. हाड होतं तसंच राहिलं. गावी परतल्यावर महिन्याभरात भाकरीचा तुकडा चावताना जबडा तिथेच मोडला. ऑक्सिजनमुळे मोडला असं मी म्हणत नाही. पण सेंटरच्या शोधापासून जबडा मोडेपर्यंतच्या चार महिन्यांत आम्ही जबड्याच्या एकाही सर्जनला गाठलं नाही, कारण 'ट्रीटमेंट चालू' होती. शेवटी मेलेलं हाड कापून पायाचं हाड तिथे बसवावं लागलं. बारा तासांचं ऑपरेशन. मामा आज आहेत, भात कालवून खातात, डबी कायमची सुटली. पण भाकरी गेली.

आकृतीचा इतिहास

ती सुंदर आकृती आली कुठून? अमेरिकेतले जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये हा सिद्धांत मांडला: किरण लागलेल्या हाडात ऑक्सिजन कमी, पेशी कमी, रक्तवाहिन्या कमी. तोवर लोक याला मुख्यतः जंतुसंसर्ग समजत होते, त्यामुळे हे मोठंच पाऊल होतं. मग १९८५ मध्ये त्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. रेडिएशन झालेले आणि दात काढायचा असलेले ७४ रुग्ण. ३७ जणांना पेनिसिलिन, ३७ जणांना ऑक्सिजन, दात काढण्याआधी २० आणि नंतर १० वेळा. पेनिसिलिनवाल्यांपैकी ११ जणांचं हाड सडलं, ऑक्सिजनवाल्यांपैकी फक्त दोघांचं.

जबरदस्त आकडे आहेत. मित्रा, तुझ्या वडिलांना सांगितलेलं '२० आधी, १० नंतर' हे याच पेपरमधून आलंय. चाळीस वर्षं झाली, कागद तोच.

पण जरा थांबून बघा. दात काढल्यावर ३७ पैकी ११, म्हणजे ३० टक्के लोकांचं हाड सडलं. इतकं होतं का खरंच? २०११ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात एकूण प्रमाण सुमारे ७ टक्के निघालं. म्हणजे त्या चाचणीत ऑक्सिजनचा गट फार भारी होता, की तुलनेचा गटच फार वाईट होता? हा प्रश्न सुटायचा एकच मार्ग असतो. पुन्हा चाचणी करा.

ती करायला ३४ वर्षं लागली. ब्रिटनमधल्या 'होपॉन' चाचणीचे निकाल २०१९ मध्ये आले. प्रश्न तोच: जबड्याला ५० ग्रेच्या वर किरण गेलेत, आता दात काढायचा किंवा इम्प्लांट बसवायचं आहे, तर ऑक्सिजन द्यावा का? दोन्ही गटांना अँटिबायोटिक आणि क्लोरहेक्सिडीनच्या चुळा. एका गटाला वर ३० वेळा ऑक्सिजन. सहा महिन्यांनी ऑक्सिजनवाल्या ४७ जणांत तिघांचं हाड सडलं होतं. ऑक्सिजन न घेतलेल्या ५३ जणांत किती? तेही तिघांचंच.

तीन आणि तीन. तीस दिवस, तीस रिक्षा, तीस वेळा कानाला दडे. तरीही तीन आणि तीनच.

आणि हाड आधीच सडलं असेल तर?

मामांचा प्रश्न हा होता. इथेही फ्रान्सची एक चाचणी आहे, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली. ही मला इंजिनिअर म्हणून फार आवडते, कारण त्यांनी खोटा उपचारसुद्धा चेंबरमध्ये बसवूनच दिला. एका गटाला वातावरणाच्या २.४ पट दाबाखाली १०० टक्के ऑक्सिजन. दुसऱ्या गटाला तेच चेंबर, तोच दाब, पण हवेत ऑक्सिजन फक्त ९ टक्के. ९ गुणिले २.४ करून बघा, साधारण २१ येतात. म्हणजे बाहेरच्या साध्या हवेइतकाच ऑक्सिजन! रुग्णाला कळायला मार्ग नाही, डॉक्टरलाही नाही.

एका वर्षाने खऱ्या ऑक्सिजनवाल्या ३१ पैकी ६ जण बरे झाले. खोट्या ऑक्सिजनवाल्या ३७ पैकी १२. खऱ्या उपचाराचा गट मागे पडतोय असं दिसल्यावर चाचणी मध्येच थांबवली.

आता हाताने एक बाजू लपवून वाद घालायचा नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. या चाचणीवर टीका झाली, आणि त्या टीकेत तथ्य आहे: मार्क्सच्या पद्धतीत ऑक्सिजन एकटा नव्हताच, गरज पडेल तिथे मेलेलं हाड काढणं हा तिचा गाभा होता. २०२२ मध्ये डेन्मार्क आणि नेदरलँड्समधल्या दोन चाचण्यांचे एकत्रित निकाल आले. तिथे दोन्ही गटांत शस्त्रक्रिया होती. ऑक्सिजनसह ३० पैकी २१ बरे झाले, ऑक्सिजनशिवाय ३५ पैकी १८. म्हणजे ७० टक्के विरुद्ध ५१. ऐकायला बरं वाटतं, पण एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असं संख्याशास्त्र म्हणतं. पुरेसे रुग्ण मिळालेच नाहीत. तेव्हा प्रामाणिक उत्तर असं: शस्त्रक्रियेच्या जोडीला कदाचित थोडा फायदा असेल, नसेलही. शस्त्रक्रियेऐवजी म्हणून? त्याला आधार नाही.

आणि विकताना नेमकी शस्त्रक्रियाच गळून पडते, बरं का. आम्हाला दाखवलेल्या कागदावर मार्क्सचं नाव होतं, १९८५ चे आकडे होते. सर्जनचं नाव नव्हतं. २००४ नव्हतं आणि २०१९ तर नव्हतंच. आम्ही गेलो ते २०२२ साल होतं. दोन्ही पेपर छापून झालेले होते. त्या सेंटरला माहीत नव्हते की सांगायचे नव्हते, मला ठाऊक नाही. पण मला शोधता आले असते. लायब्ररीचं एक बारीकसं व्हर्जन बदलायचं तर मी तीन तास रिलीज नोट्स वाचतो. मामांसाठी तीस मिनिटं काढली नाहीत.

का नाही काढली? कारण *पटलं होतं*.

आपला सगळ्यांचा रोग

माझं भांडण सेंटरवाल्यांशी आहे, पण त्याहून जास्त आपल्या या 'लॉजिकल आहे रे' म्हणण्याशी आहे. सर्व्हर स्लो झाला. कुणीतरी म्हणतं मेमरी कमी पडतेय. सगळ्यांना पटतं. मेमरी दुप्पट करतात, बिल दुप्पट होतं, सर्व्हर तितकाच स्लो. मग कळतं की भलत्याच ठिकाणी लॉक अडकला होता. हे आपण दर तीन महिन्यांनी करतो आणि दर वेळी हसतो. म्हणूनच तर आपण मोजायला शिकलो ना? बटण हिरवं की निळं हे ठरवायला आपण हजारो लोकांवर ए/बी टेस्ट लावतो. आणि बापाच्या जबड्याचा प्रश्न आला की एका आकृतीवर चेक फाडतो.

जबड्यातही 'लॉक भलतीकडे' असू शकतो. फ्रान्सच्या सिल्वी डेलानियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच मांडणी केली: मूळ दोष नुसता ऑक्सिजनचा नाही, किरणांनंतर पेशींची दुरुस्तीच बिघडते आणि जिवंत ऊतीच्या जागी चिवट, निर्जीव तंतू भरत जातात. त्यावर पेंटॉक्सिफिलीन (पायाच्या रक्ताभिसरणासाठी वापरतात ते जुनं औषध) आणि ई जीवनसत्त्व अशी जोडी, काही रुग्णांना त्यात क्लोड्रोनेट. २०११ मध्ये त्यांनी ५४ रुग्णांचे चांगले निकाल दिले. हेही पटतं! पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता, म्हणून मी यावरही नाचणार नाही. तराजू एकच पाहिजे. फरक एवढाच, की ही औषधं मेडिकलच्या दुकानात मिळतात, त्यासाठी फंड मोडावा लागत नाही.

"पण नुकसान तर नाही ना?"

हे मला सगळ्यात जास्त ऐकवलं जातं. नुकसान आहे. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. काही दिवस लांबचं अंधुक दिसतं. क्वचित ऑक्सिजनमुळे झटका येतो. आणि दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आगीच्या बाबतीत खेळ नाही: १९९७ मध्ये मिलानच्या एका रुग्णालयात चेंबरला आग लागून ११ जण गेले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमध्ये चेंबरच्या स्फोटात ५ वर्षांचा मुलगा गेला. असे अपघात दुर्मीळ आहेत, मान्य. पण पैसा आणि वेळ रोजच्या रोज जातो आणि तो अपघातात मोजला जात नाही.

"आमच्या ओळखीत एकाला गुण आला." आला असेल. फ्रान्समध्ये खोट्या ऑक्सिजनवर ३७ पैकी १२ जणांना गुण आला होता! त्या बाराही जणांनी शपथेवर सांगितलं असतं की चेंबरने वाचवलं.

"मग हे चेंबर म्हणजे थोतांड का?" अजिबात नाही. खोल पाण्यातून भराभर वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, तेव्हा हेच चेंबर जीव वाचवतं. तिथे त्याला तोड नाही. म्हणून तर या धंद्यात सिटिंगला 'डाइव्ह', म्हणजे बुडी म्हणतात. एका ठिकाणी चालणारी गोष्ट दुसऱ्या ठिकाणी चालतेच असं नाही, एवढंच माझं म्हणणं.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने इतर संस्थांसह मार्गदर्शक सूचना काढल्या. दात काढण्याआधी सरसकट ऑक्सिजन देऊ नका, असं त्यात आहे. फार जास्त किरण लागलेल्या जागेसाठी दार किलकिलं ठेवलंय, आणि ते ठरवायचं तुमचा डोस बघून. पॅकेज बघून नव्हे.

मग पैसे कुठे घालायचे?

रेडिएशनच्या *आधी*. मामांना २०१७ मध्ये दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, वाचण्यासारखे नसलेले दात किरण सुरू होण्याच्या दोनेक आठवडे आधी काढले असते, नंतर रोज फ्लोराइड लावायला शिकवलं असतं, आणि एका कार्डावर 'या जबड्याला रेडिएशन झालं आहे, विचारल्याशिवाय दात काढू नये' असं मराठीत लिहून खिशात दिलं असतं, तर हा लेख झाला नसता. डबीच्या खिशात एक कार्ड. त्याचा खर्च किती? ते कुणी विकत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

तर मित्रा, सोमवारी पैसे भरू नकोस. त्याऐवजी तीन कामं कर. एक, वडिलांना रेडिएशन दिलेल्या डॉक्टरांकडे जा आणि विचार: नेमक्या *या दाढेच्या* जागी किती ग्रे गेले? त्यांच्याकडे ते रेकॉर्ड असतं. दोन, तो आकडा घेऊन कॅन्सर रुग्णालयातल्या दंतविभागात जा आणि दाढ काढायलाच हवी का ते विचार. कधी कधी रूट कॅनाल करून मुळं तिथेच ठेवता येतात. काढायचीच असेल तर जबड्याच्या सर्जनकडून, अँटिबायोटिक देऊन, हाडाला कमीत कमी धक्का लावून. तीन, एवढं होऊनही त्यांनी ऑक्सिजन सुचवला तर भांडू नकोस. फक्त विचार, "होपॉनचे निकाल पाहिलेत का? मग आमच्या बाबतीत वेगळं काय आहे?" ज्याच्याकडे उत्तर असेल त्याचं ऐक. जो नुसती आकृती काढायला लागेल, त्याला नमस्कार करून ऊठ.

गेल्या दिवाळीत मामांना हे सगळं सांगितलं. २००४, २०१९, सगळं. आपण चुकलो हेही सांगितलं. ते भात कालवत होते. म्हणाले, "अरे, तू काय मुद्दाम केलंस का?" आणि थोड्या वेळाने, "पण पुढच्याला सांग."

सांगितलं, मामा.